सगळं ठीक सांगणारी तार

मित्रांनो, कधी या डोंगरगावात आलात, तर पोस्टाशेजारच्या जुन्या वस्तूंच्या खोलीत जरूर डोकावा. दारामागे, तुटक्या शिलाई मशीनच्या बाजूला, एक खोका भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्या नारिंगी टोपीला आगीनं फोड आलेत आणि अंग काळवंडलं आहे. तो मी. गावाचा जुना सार्वजनिक फोन. परवा एक लहान मुलगी आली, माझा रिसीव्हर उचलून उलटसुलट करत म्हणाली, "मम्मा, व्हेअर इज द स्क्रीन?" आईनं तिला "शी, घाण आहे," म्हणून ओढून नेलं. ती घाण नाही, काजळी आहे, आणि ती कुठून आली ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. माझे भाऊबंद मोठमोठ्या स्टेशनांवर गेले, एक तर थेट विमानतळावर लागला. माझ्या वाट्याला आलं हे गाव. सिडनीहून गाडीनं तीनेक तास, एक पब, एक बेकरी, एक चर्च, एक क्रिकेटचं मैदान, आणि चारी बाजूंनी निलगिरीचं रान. पबच्या बाहेरच्या भिंतीवर मला ठोकलं आणि ठोकणाऱ्यानं पाठीवर थाप मारली. "बराच टिकशील, मेट!" म्हणाला. माझं जाहीर कौतुक झालं ते तेवढंच.

मला एक खोड आहे, हिशेबाची. पेटीतली नाणी कंपनीचा माणूस घेऊन जायचा, त्यांच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. माझा हिशेब वेगळा. कोण किती खरं बोलतं, ते मी मनाशी मांडत असे. भांडणात माणूस बऱ्यापैकी खरं बोलतो. प्रेमात निम्मं. कामावर रजा मागताना खऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आणि लांबून आईला फोन करताना? तो रकाना मी फार वर्षं मांडला, खऱ्याच्या बाजूला जवळजवळ काही पडलंच नाही.

मग मोबाईल आले. माझ्या टोपीत कोळ्यानं संसार थाटला. पबचा मालक ब्रायन अधूनमधून माझ्यावर सायकल टेकवून ठेवी, हाच काय तो माणसाचा स्पर्श. मी गंजायला लागलो होतो, तेवढ्यात तुमच्याकडची मुलं आली.

त्या वर्षांत भारतातून विद्यार्थ्यांचे लोंढेच्या लोंढे येत होते. कुणी अकाउंटिंग शिकायला, कुणी केस कापायला, कुणी स्वयंपाक शिकायला. स्वयंपाकवाल्यांना नऊशे तास खऱ्याखुऱ्या किचनमध्ये राबल्याचा दाखला लागे. तो हातात पडला, की या देशात कायमचं राहण्याचं दार किलकिलं होई. शहरातली किचनं भरून वाहू लागली, तेव्हा मुलं तासांच्या शोधात गावोगाव पांगली. ब्रायनच्या पबमागच्या खोलीत अशी दोन मुलं राहायला आली. पुण्याचा निनाद आणि वसईचा फॅबियन. मोबाईलवरून भारतात बोलणं परवडत नसे, म्हणून दोघं परदेशी फोनचं स्वस्त कार्ड खरवडून माझ्यापाशी येत. मराठी मी त्यांच्याकडून शिकलो. चुकलो, तर त्यांना बोल लावा.

निनाद म्हणजे थापांचा कारखाना. साबणाचा फेस कोपरापर्यंत, तसाच येऊन रिसीव्हर धरायचा.

"आई, आता मेनू ठरवणं माझ्याकडे आलंय."

"अरे वा!" त्याची आई मंजिरीताई हरखून जायच्या. "पण तुला भांडीबिंडी नाही ना घासायला लावत?"

"छे गं! त्याला माणूस आहे वेगळा."

तो वेगळा माणूस फेसाचे हात माझ्या वायरीला पुसायचा.

फॅबियन तसा नव्हता. मोजकं बोलायचा, हळू बोलायचा. दर रविवारी दुपारी, वसईतल्या चर्चमधली सकाळची मिसा आटोपण्याच्या सुमाराला, त्याचा फोन ठरलेला. त्याची आई विनिफ्रेड केळीच्या वाडीत राहणारी, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली बाई. पलीकडून आधी विहिरीवरच्या पंपाची धडधड ऐकू यायची, मग कोंबड्या, मग ती. फॅबियनची थाप एकच होती, पण मोठी. आपण सिडनीतल्या हॅरिस पार्कला चार मुलांबरोबर राहतो, जवळच चर्च आहे, असं त्यानं घरी सांगितलं होतं. निघताना आईनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं ना, एकटा कुठे लांब राहू नकोस म्हणून! हॅरिस पार्कचा फ्लॅट सोडून तो रानात आलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"जेवलास?"

"जेवलो. सगळं ठीक. तुझं?"

"माझं काय, सगळं ठीक."

निनादच्या थापांना मी हसायचो. या थापेला मला कधी हसू आलं नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ओढ्यात दगड उरले. निलगिरीची सालं सोलून पडायची आणि पावलाखाली पापडासारखी मोडायची. लांबच्या डोंगरांवर धूर दिसू लागला, आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या. गावातली निम्मी माणसं स्वयंसेवक म्हणून बंबावर जाऊ लागली. ती परतायची तेव्हा डोळे तांबडे आणि बोलणं बंद.

आणि त्याच दिवसांत पलीकडचे आवाज बदलले. पंप गेला, कोंबड्या गेल्या. फॅबियनची धाकटी बहीण कॅरेन हिच्या नव्या मोबाईलवर आता फोन लागे. मागे चाकांची गाडी खडखडत जायची, कुणीतरी "सिस्टर, सलाईन संपलं!" म्हणून हाक मारायचं. एकदा फॅबियननं रिसीव्हर कानाला लावण्याआधीच त्याच्या आईचा आवाज मला आला. "त्याला यातलं काही सांगशील तर बघ. आधी त्याचे तास पुरे होऊ देत." आणि लगेच मोठ्यानं, "बोल रे बाबू! बाजारात आलेय, म्हणून गोंगाट."

मी तार आहे, मित्रांनो. जे आत येतं ते पलीकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. मधल्यामध्ये ओरडता आलं असतं तर!

पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "टीव्हीवर दाखवतायत, तुमच्याकडे रानं पेटलीयत म्हणे?"

"अगं, हा देश केवढा! ते तिकडे कुठेतरी. इथे धूरसुद्धा नाही," फॅबियन म्हणाला, आणि खोकला.

"खोकतोस का?"

"एसीमुळे."

माझ्या टोपीवर राख पडत होती. त्यानं ती बोटानं पुसली आणि बोट पँटला.

मग तो दिवस आला. दुपारीच अंधारलं. आधी तांबडं, मग काळं. वारा असा, की जळती सालं पाखरांसारखी उडत गावावर येऊ लागली. डोंगरावरचा मोबाईलचा टॉवर पडला आणि साऱ्या गावाच्या खिशातले फोन एका क्षणात मुके झाले. माझी तार मात्र जमिनीखालून जात होती. वर्षानुवर्षं ज्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते माझ्यासमोर रांग लावून उभे राहिले. खरं सांगतो, अशा घडीलाही मला थोडं बरं वाटलं.

ब्रायन ओल्या टॉवेलनं तोंड बांधून रांग हाकत होता. "प्रत्येकी एक मिनिट! मग सगळे मैदानावर, गवत कापलंय तिथं! ही तारही फार टिकायची नाही!"

निनादची पाळी आली. मी नव्या थापेसाठी कान टवकारले. त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई, आग आलीय गावात. मी खूप घाबरलोय. मी इथे भांडी घासतो आई, मी तुला खोटं सांगितलं."

पलीकडे मंजिरीताईंचा हुंदका, आणि मग एकदम खणखणीत आवाज. "भांड्यांचं मरू दे! गावाचं नाव सांग. नीट सांग. आता कुठे जाणार?"

"मैदानावर. फोन बंद पडेल, आई. आला नाही तरी घाबरू नकोस."

"नाही घाबरत. टॉवेल ओला करून घे. जा, पळ!"

मी थक्क झालो. माझ्या हिशेबात त्या रकान्यात खऱ्याच्या बाजूला असा आकडा पहिल्यांदाच पडत होता, आणि तो टाकला कोणी, तर निनादनं!

त्याच्यामागे फॅबियन. त्यानं निनादचं सगळं ऐकलं होतं. नंबर फिरवताना त्याचे ओठ हलत होते, काय बोलायचं ते ठरवत असावा. मला वाटलं, हाही आता सांगेल.

"आई."

"आज? आज कुठे रविवार आहे?" तिचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. मागे बुड बुड, बुड बुड, असा संथ आवाज.

"सुट्टी मिळाली. सहज केला."

तेवढ्यात बंबाचा भोंगा रस्त्यावरून गेला.

"कसला रे आवाज?"

"टीव्ही लावलाय पोरांनी." मग थांबून तो म्हणाला, "तुझ्याकडे ती बुडबुड कसली?"

तिनं श्वास घेतला. तो घ्यायला तिला वेळ लागला. "कॅरेननं माशांची टाकी आणलीय."

"किती मासे?"

"दोन. एक तू, एक ती."

तो हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण धुरानं सगळ्यांच्याच येत होतं.

"तुझं सगळं ठीक ना?" त्यानं विचारलं.

"सगळं ठीक. तुझं?"

"माझंपण."

 एका टोकाला आगीची घरघर, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनची बुडबुड, आणि दोन्ही माझ्या एकट्याच्या कानात. त्या शांततेत मी वाट पाहिली. आता बोलेल. हा नाही तर ती. ब्रायननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टाइम, मेट." फॅबियननं रिसीव्हर इतका सांभाळून ठेवला, जणू पलीकडे कुणी झोपलं होतं.

थोड्या वेळानं पब पेटला. माझी टोपी फुगली, रंग उकळला, गावाबाहेर कुठेतरी तारेची पेटी जळाली, आणि मला पलीकडचं ऐकू येईनासं झालं.

मैदानावरची सगळी माणसं वाचली, हे मला मागाहून कळलं. पण रस्त्यावर जळकी झाडं आडवी पडून गाव आठवडाभर तुटलं होतं. मंजिरीताईंना गावाचं नाव माहीत होतं. त्यांनी पुण्याहून चौकशीच्या नंबरावर फोन लावून लावून खात्री करून घेतली, की मैदानावरचे लोक सुखरूप आहेत. वसईला मात्र कुणापाशी गावाचं नावच नव्हतं.

रस्ता मोकळा झाल्यावर फॅबियनला डोंगराखालच्या मदतकेंद्रातून घरी फोन करता आला. तेव्हा त्याला कळलं, की त्या बंद दिवसांतच आई गेली आणि माती देऊनही झाली.

पबच्या उरलेल्या भिंतीवर कंपनीच्या लोकांनी सगळ्यांत आधी माझी तार जोडून दिली. सामान काही उरलंय का पाहायला फॅबियन परत आला. काही उरलं नव्हतं. ज्या तासांसाठी सारी लपवालपवी झाली, ते किचनही राहिलं नव्हतं. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं बहिणीला फोन लावला.

"कॅरेन, तू तरी सांगायचंस."

"शपथ घातली होती तिनं, दादा. आणि तू? तू सांगितलंस?"

त्यानं माझी वायर मुठीत घट्ट धरली.

"शेवटपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही," कॅरेन म्हणाली. "सिस्टरला सारखं विचारायची, फोन वाजला का. म्हणून मी तुझ्या हॅरिस पार्कच्या नंबरवर लावला. तिथला एक मुलगा म्हणाला, 'दीदी, वो तो पहाड़ में है, जहाँ आग लगी है. आपको नहीं पता?' स्पीकर चालू होता, दादा. तिनं ऐकलं."

"मग?"

"मग काही नाही. दाराकडे बघत राहिली. तू आहेस की नाहीस, हे न कळताच गेली."

फॅबियनचं कपाळ माझ्या फोड आलेल्या टोपीवर टेकलं. "मैदानावर जातोय, फोन बंद पडेल, घाबरू नकोस. एवढंच बोलायचं होतं. निनाद बोलला माझ्या डोळ्यांदेखत."

"माशांचं तुला खरं वाटलं?"

"नाही. बाबांच्या वेळीही तीच बुडबुड होती. ओळखली मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"मी विचारलं असतं, तर तिनं मला विचारलं असतं."

 मग त्यानं विचारलं, "तू बरी आहेस ना?"

"नाही, दादा. अजिबात नाही."

"मीपण नाही," तो म्हणाला, आणि मोठ्यानं रडला. रस्त्यापलीकडून ब्रायन आला, पण त्यानं वेळ संपल्याचं सांगितलं नाही.

पुढे पब नव्यानं बांधला, तेव्हा मला भिंतीवरून काढलं. आता माझ्यात तार नाही, पलीकडचं मला काही ऐकू येत नाही. लोक येतात, आगीनं फुगलेली टोपी पाहतात, "बिचारा" म्हणतात आणि शिलाई मशीनकडे वळतात.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनवर आता माणसाचा चेहराही दिसतो. तरी मला शंका आहे, की खऱ्याचा तो रकाना अजून रिकामाच असेल. परदेशातल्या मावशीला, हॉस्टेलवरच्या दादाला, गावच्या आजोबांना तुम्ही फोन कराल, आणि समोरून झटकन "सगळं ठीक" येईल. तेव्हा मागचे आवाज नीट ऐका. काही वेगळं वाजलं, तर ते काय आहे हे विचारा. आणि उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा.