वेदरली काउंटीचा नकाशा, मुक्काम रोल्ला

मित्रांनो, ज्या जागी जावं असं फारसं कुणालाच वाटत नाही, अशा एका जागेचा मी जुना नकाशा आहे. ती जागा म्हणजे अमेरिकेच्या मधोमध असलेली वेदरली काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, फक्त त्यातली माणसं काढून टाका. सध्या मी शारजात, रोल्लातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, एसीच्या खाली टांगलेला आहे.

माझा जन्म १९६८ चा. तिथल्या एका बँकेनं मला जाड कागदावर छापलं आणि गिऱ्हाइकांना फुकट वाटलं. पुढं ती बँक बंद पडली. त्यात माझा हात नव्हता.

भूगोल सोपा आहे. चोवीस मैल लांब, चोवीस मैल रुंद, पोळपाटासारखी सपाट जमीन. दर मैलाला सरळ रस्ता, त्यामुळं एकंदर पाचशे शहात्तर चौकोन. चौकोनात मका, नाहीतर सोयाबीन. वाकडी गोष्ट एकच, नदी. इतिहासही थोडक्यात सांगतो. आधी तिथं दुसरी माणसं राहत होती. सरकारनं त्यांना हलवलं. त्यांची नावं माझ्यावर नाहीत. नदीला त्यांचा एक शब्द तेवढा उरलाय. मग मोजणीवाले साखळी ओढत आले, त्यांच्यामागून रेल्वे, रेल्वेतून जर्मन आणि स्वीडिश शेतकरी. १९१० साली लोकसंख्या चौदा हजार झाली. त्यानंतर जनगणनावाल्यांना दर खेपेला कमी चालावं लागलं.

माझं वैशिष्ट्य असं, की प्रत्येक चौकोनात मालकाचं नाव छापलेलं आहे. यान्सन, लिंडक्विस्ट, पुन्हा यान्सन.

त्यातल्याच एका चौकोनातले ड्वेनसाहेब इकडं शारजाच्याच खोर फक्कान बंदरात क्रेनदुरुस्तीला आले आणि मला घेऊन आले. त्यांच्या केबिनमध्ये शेजारच्या टेबलावर टॅली क्लार्क अलीमियाँ बसत. रत्नागिरीकडच्या बोरखाडीचे. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक कंटेनरचा नंबर बघायचा आणि कागदावर लाल पेन्सिलीनं काट मारायची, हे त्यांचं काम. न बघता काट मारायची नाही आणि हललेला कंटेनर बिनकाटीचा ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म.

दर शुक्रवारी ड्वेनसाहेबांना गावाकडून बहिणीचा फोन येई. फोन ठेवून ते म्हणत, "अली, लिंडक्विस्ट खलास."

पहिल्यांदा अलीमियाँनी दोन्ही हात वर करून दुआ मागितली. साहेब हसत सुटले. "अरे, मेला नाही! शेत विकून ॲरिझोनाला गेला."

"म्हणजे हलला," अलीमियाँ म्हणाले, आणि सवयीनं लिंडक्विस्टवर काट मारली.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. सतरा वर्षं. माझ्या अंगावर गोवर उठल्यासारखं झालं. कौतुक मात्र खूप झालं. केबिनमध्ये येणारा प्रत्येक जण विचारी, काय छान, हे काय आहे? साहेबांना सांगायला आवडे. ऐकायला फक्त अलीमियाँ थांबत.

साहेब निवृत्त झाले. गावी नव्हे, मुलीकडे, ॲरिझोनाला. जाताना त्यांनी अलीमियाँच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. "माझ्या नावावरची काट मीच मारतो," म्हणाले. मला अलीमियाँकडे देऊन ते निघून गेले, आणि मी एका लांबच्या गावाचं पोरकं लेकरू होऊन बसनं रोल्लाला आलो.

अलीमियाँच्या सूनबाई साजिदा सुरुवातीलाच म्हणाल्या, "अब्बा, हॉलमध्ये कुणाचं शेत लावलंत? पाहुणे विचारतात, तुमचं आहे का."

"हो म्हणायचं," अलीमियाँ म्हणाले. "कोण जातंय तपासायला?"

मग तेही निवृत्त झाले, आणि एके दिवशी त्यांनी मला उलटं केलं. माझ्या कोऱ्या पाठीवर बोरखाडी काढली: खाडी, मशीद, एकतीस घरं, प्रत्येकावर नाव. गावातले बहुतेक लोक आखातात. गावची बैठक भरवायची तर रोल्लातच भरते, गावात तेवढी माणसं मिळत नाहीत. शुक्रवारच्या नमाजानंतर बातमी कळे, अमक्यांनी घराला कुलूप लावलं. घरी येऊन अलीमियाँ काट मारत. बघताबघता चोवीस झाल्या.

शेजारी उभी राहून यम्ना नावं वाचायची. ही त्यांची नात, वय वर्षं नऊ. गेल्या रमजानच्या आधी तिनं एका घरावर बोट ठेवलं.

"दादा, हू लिव्ह्ज हिअर?"

"तिथं? आपण."

"बट वी लिव्ह इन शारजा."

अलीमियाँ पेन्सिलीचं टोक बघत राहिले.

"तुम्ही क्रॉस विसरलात. शॅल आय डू इट?"

"थांब," ते म्हणाले, आणि पेन्सिल खिशात ठेवली. ती चार दिवस खिशातच होती. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी गावी राहायला चाललो."

मुलगा मुझम्मिल घास हातात धरून थांबला. "अब्बा, तिकडं आहे कोण? चोवीस घरं बंद, तुम्हीच मोजलीत. रात्री पडलात तर उचलणार कोण, खाडी?"

"मौलवीसाब आहेत. शेजारची एमान आपा आहे."

"आपाला स्वतःलाच उचलावं लागतं! इथं दवाखाना खाली, एसी वर, नात समोर. कमी काय आहे?"

"कमी काही नाही रे. पण चाळीस वर्षांत मी खोटी टॅली लिहिली नाही. हे एकच घर खोटं लिहिलंय."

"मग मारा काट! खलास! यात काय एवढं?"

अलीमियाँनी खिशातून पेन्सिल काढून त्याच्यापुढं धरली. "तू मार. घर तुझंही आहे."

मुझम्मिल उठून माझ्यासमोर आला. पेन्सिलीचं टोक मला टेकलं. मी नकाशा आहे, मला गुदगुल्या होत नाहीत, पण ते टोक तिथंच अडलं एवढं कळलं. साजिदाचा वाढायचा चमचा हवेतच होता. त्यानं काट न मारताच पेन्सिल अब्बांपुढं ठेवली.

"सोमवारचं तिकीट बघतो," मुझम्मिल म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

सामान तीस किलोत बसवताना यम्ना मला गुंडाळायला लागली. अलीमियाँनी तिला थांबवलं. "मला कशाला? मी तिथंच असणार. जो तिथं नाही त्याला नकाशा लागतो."

असा मी इथंच राहिलो. अलीमियाँ दर शुक्रवारी फोन करतात. यम्ना विचारते, "दादा, आर यू अलोन?" ते म्हणतात, "नाही गं, आपा आहे, कोंबड्या आहेत." फोन झाला की ती माझ्यावरचा त्यांच्या घराचा चौकोन बोटानं पुसून घेते. धूळ नसली तरी.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. बोरखाडीला बघणारं कुणीतरी आहे, ते योग्यच आहे. पण त्यामुळं माझा वेदरलीचा चेहरा गेली कित्येक वर्षं चुन्याच्या भिंतीला लागून आहे. तुमच्या घरात असा दोन तोंडांचा नकाशा असेल, तर महिन्यातून एकदा त्याला उलटं करा. माझ्या त्या बाजूला अजून तीन हजार आठशे माणसं राहतात.