हळदीचं घंगाळ

देवासला मारुती तांबटाच्या दुकानात सकाळपासून बत्तीचा भर्र आवाज चालू होता. पुढं मारुती गिऱ्हाइकाशी बोलायचा. मधे गोणपाटाचा पडदा. पडद्यामागं त्याची विधवा भावजय रुक्मिणी भांडी झाळायची, बत्तीच्या ज्योतीनं पितळ वितळवून सांधे जोडायची.

तिचा नवरा भगवंत सहा वर्षांपूर्वी, सत्तेचाळीस साली गेला. मारुतीला झाळकाम कधी जमलंच नाही, म्हणून बत्ती तिच्या हातात आली. गावाला मात्र वाटायचं, झाळतो मारुतीच.

आज तिच्यापुढं गल्लीतल्या बड्या भवानीबाईंच्या घरचं तांब्याचं घंगाळ होतं. त्याची एक कडी निखळली होती. परवा त्यांच्या लेकीची, कुसुमावतीची हळद. नवरीचं न्हाण याच घंगाळातून व्हायचं होतं. रुक्मिणीनं सांध्याला पितळ आणि टाकणखार लावला, बत्तीला पंप मारला, आणि तेवढ्यात पडदा सरकला. भवानीबाई स्वतः काम बघायला आल्या होत्या.

"मारुती, हे कोण करतंय?"

"वहिनी नुसती बत्ती धरतात, बाईसाहेब. झाळतो मीच."

"लग्नाचं भांडं आहे. पांढऱ्या कपाळाचा हात लागायचा नाही त्याला. तू कर माझ्यासमोर. हिला बाहेर बसव."

रुक्मिणी ओट्यावर जाऊन बसली. कंबर इतकी दुखत होती, की बसायला मिळालं हेच तिला आधी बरं वाटलं. दारातून तिला दिसत होतं. मारुती ज्योत सरळ पितळेवर मारत होता.

"भावजी, तांबं तापू द्या आधी. ते लाल झालं की पितळ आपण होऊन सांध्यात पळतं."

"तू गप बस," भवानीबाई म्हणाल्या.

पितळ वरच्यावर थेंबासारखं बसलं. दिसायला झकास.

दुपारी भवानीबाईंचा गडी नीलकंठ घंगाळ घेऊन परत आला. "भिया, पाणी भरून उचललं तर कडी हातातच आली ना. बाईसाहेब जाम गरम हैं. म्हणाल्या, हळदीला आता मारुतीलाच कडीच्या जागी उभा करते."

तो घंगाळ ठेवून गेला. मारुतीनं रुक्मिणीला आत बोलावून हळूच पडदा ओढला. "वहिनी, तुम्हीच करा. कुणाला कळणार नाही."

"नाही."

"अहो, हे घर तुटलं तर सगळी गल्ली तुटेल. खायचं काय?"

"सहा वर्षं हेच ऐकतेय, भावजी. चटके मला, नाव तुमचं, तेही चालवून घेतलं. पण आज बाईंसमोर तुम्ही म्हणालात, नुसती बत्ती धरतात. थकले मी आता." ती उठली. "झाळते. पण ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर."

"उन्हात तांब्याचा रंग कसा दिसेल?"

"तुम्ही छत्री धरा."

मारुतीनं छत्री उघडली.

तांबं लाल झालं. पितळ पाण्यासारखं सांध्यात पळालं. समोरचा पानवाला चुना लावता लावता थांबला. "अरे भिया, बर्तन झालती तो भाभी है."

घंगाळ निवल्यावर दोघांनी काठोकाठ भरून कड्यांना धरून उचललं. कडी हलली नाही.

भवानीबाईंनी ते नेलं नाही. कुसुमावतीचं न्हाण जस्ताच्या बादलीतून झालं. पण त्या बादलीतलं पाणी तापलं घरच्याच बंबात, आणि त्या बंबाची तोटी गेल्या दिवाळीत रुक्मिणीनं झाळली होती. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. कुसुमावती आज बदनावरला सुखानं नांदतेय.

घंगाळ अजून दुकानातच आहे. काम निम्म्यावर आलंय. पडद्याची फडकी झाली. रुक्मिणी ओट्यावर बसते, मारुती छत्री धरतो, त्याचा हात भरून येतो.

तुमच्या न्हाणीतही बंब असेल. उद्या तोटी सोडाल तेव्हा त्या सांध्यावरून बोट फिरवून बघा, कुणाच्या हातचा आहे ते कळतं का. आणि तुमच्या घरच्या हळदीला कुणी पांढऱ्या कपाळाची बाई माजघरात दार लोटून बसली असेल, तर तिला बाहेर बोलवा. हळद तिच्याही हातानं लावून घ्या.