डावा गाल

भागीरथानं आ वासला आणि डॉक्टर सोहोनींनी आरशाची कांडी तिच्या डाव्या गालात सरकवली. दुसऱ्या हातातल्या चिमट्यात खुणा केलेली कागदाची पट्टी होती. ती त्यांनी आत धरली, डोळे बारीक केले, पुन्हा एकदा धरली. मग वही ओढून पेन्सिलीनं एक लहानसा आकार काढला. ओळीतला हा सहावा. पहिला चिंचोक्याएवढा होता, हा जेमतेम उडदाच्या दाण्याएवढा.

"वा, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासारखी पेशंट मला अख्ख्या अकोल्यात दुसरी मिळाली नाही."

भागीरथा लाजली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं लाजावं असं त्यात काही नव्हतं. पण कापसाच्या जिनात तीस वर्षं काढली, तिथं मुकादमाच्या तोंडून चांगला शब्द कधी निघाला असेल तर शपथ.

सव्वा वर्षामागं, एकसष्टच्या दिवाळीनंतर, ती दुखरी दाढ काढायला म्हणून इथं आली होती. दाढ निघाली, पण डॉक्टर गालात बघतच राहिले.

"हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"

"मले काय मालूम जी? मी काय गालात डोकावून पाहून राहिली?"

डॉक्टर पुण्याचे, नवखे आणि चिकाटीचे. त्यांनी तिला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो. पांढरा, सपाट, एकसारखा असेल तर दर तीन महिन्यांनी बघत वाट पाहता येते. मधे लाल उमटलं, बोटाला खरखर लागली, तिखट झोंबायला लागलं, की वाट पाहायची नाही. चट्ट्याचा एक कण त्यांनी तपासायला मुंबईला पाठवला. महिन्यानं उत्तर आलं, सध्या भीती नाही.

भागीरथाला हा पांढऱ्या-लालचा हिशेब लगेच कळला होता. तिचा जन्म कापूस निवडण्यात गेला होता. पांढराशुभ्र एकीकडे, लाल डागाचा दुसरीकडे. डॉक्टरही आपल्यासारखेच निवडणारे, तिला वाटलं, फक्त यांच्यापुढं कापसाऐवजी गाल येतात.

पहिल्या दिवशी निघताना त्यांनी तिच्या डाव्या गालावर बाहेरून बोट टेकवलं होतं आणि बजावलं होतं, "या गालात आता तंबाखू ठेवायची नाही. चिमूटभरसुद्धा नाही."

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली होती. रोगाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती जिनातली जोडीदारीण सितारा दुरावण्याची होती.

जिनात बिडीला बंदी. एक ठिणगी पडली तर रुईच्या गंजीची होळी व्हायची. म्हणून बाया-माणसं सगळी तंबाखू-चुन्याचा बार गालात धरायची. त्यानं कापसाची धूळ घशात उतरत नाही, असंही सगळे मानायचे. सितारा शेजारच्या रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर. कापूस सोडता सोडता मधेच ती तळहातावर अंगठ्यानं तंबाखू मळायची, थाप मारायची आणि हात पुढं करायची, "ले भागी, पहले तू." रेच्यांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. सितारा उजव्या हाताला, म्हणून तोंडाची उजवी बाजू बोलायला मोकळी आणि बार डावीकडे. तीस वर्षं हाच शिरस्ता. त्यात दोघींची लेकरं झाली, नवरे गेले, छप्पनसाली भागीरथानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आली तर सितारानं तिच्या वाटचा कापूसही निवडून ठेवलेला.

मग सिताराची छाती धुळीनं भरली आणि ती गेली. पुढच्या साली भागीरथानंही जिन सोडलं. घरी लेक-सून चांगली होती, तक्रारीला जागा नव्हती. पण दुपारी जेवण झालं, गालात बार धरून डोळे मिटले, की भोंगा व्हायचा, सरकीचा तेलकट वास यायचा आणि सितारा आपल्या लेकीच्या, नईमाच्या सासरची गाऱ्हाणी सांगायला बसायची. बार विरघळला की उठून जायची. आता तंबाखूच सुटली तर तिनं यायचं कशाच्या आधारानं?

पायरीवर बसल्या बसल्या त्यावर वाट सापडली होती. तेव्हापासून डाव्या गालाला तिनं तंबाखूचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. तपासणीला यायचं तर लिंबाच्या काडीनं दात घासून, चार चुळा भरून यायची.

डॉक्टरांनी वही मिटली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुम्ही ते खोटं पाडलंत. तीस वर्षांची तंबाखू एका शब्दावर सोडली."

भागीरथा चुळबुळली. खोटं बोलणार नाही, अशी तिनं नागपूरला शपथ घेतली होती. फुकटची शाबासकी पदरात घेणंही खोटंच की.

"सोडली कुठं जी?" ती म्हणाली. "तुमी ज्या गालात नाई म्हणलं, त्या गालात नाई ठेवत. आता इकडं ठेवते."

डॉक्टर उठता उठता थांबले. त्यांनी दिवा फिरवला आणि कांडी पहिल्यांदाच तिच्या उजव्या गालात घातली. पट्टी घेतलीच नाही. बोट आत टेकलं तशी ती कळवळली.

"तिखट झोंबतं इथं?"

"दिवाळीपासून झोंबून राहिलं. म्हातारपण आलं म्हणून सोडून देल्लं."

त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. भागीरथानं त्यांचा चेहरा पाहिला.

"लाल हाये काय जी?"

"आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "या गालात कधीपासून ठेवता?"

"तुमी सांगितलं तवापासून."

त्यांनी चष्मा काढला. तो नुसताच हातात धरून ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"चूक माझी आहे, बाई. सव्वा वर्ष मी एकच गाल बघत बसलो."

"तुमी नोका मनावर घेऊ जी. तुमी आपलं काम बराबर केलं."

"उद्या सकाळी या. कण घेऊन मुंबईला पाठवतो. आणि लेकाला सोबत आणा."

तिनं कमरेची तंबाखूची चंची सोडली, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आली. पायरीवर बसली. दोन्ही गाल रिकामे. रस्त्यानं सरकीच्या पोत्यांची एक गाडी गेली. उद्याची भीती वाटत होती आणि ती सांगायला जवळ कुणी नव्हतं.

"गाल तूने बदला," कानाशी सितारा म्हणाली, "मुँह तो वहीच था ना गे, भागी?"

भागीरथाला हसू फुटलं. गालात बार नसताना सितारा पहिल्यांदाच आली होती.