फळीवरचं व्यस्त चलन

कोळवणच्या साधनानं मुलं मोठी झाल्यावर बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं आणि गणिताला आठवीपासून हात घातला. समचलन तिला लगेच पटलं. भात जास्त, तर तांदूळ जास्त. व्यस्त चलनापाशी मात्र गाडी अडली. एक राशी वाढली की दुसरी कमी होते, हे ठीक. पण दोन्हींचा गुणाकार कायम सारखाच कसा राहतो? उत्तरं बरोबर येत होती, तरी मन मानत नव्हतं.

अंगणात ओंडक्यावर एक लांब फळी आडवी पडली होती. सासूबाई रत्नाबाई तिच्या कडेला टेकल्या आणि दुसरं टोक वर उचललं गेलं. साधना बघतच राहिली.

"आत्या, जरा उठता? मला कायतरी बघायचंय."

तिनं ओंडका सरकवून रिकामी फळी समतोल केली. एका बाजूला, ओंडक्यापासून चार फुटांवर पन्नास किलोचं पोतं ठेवलं. रत्नाबाई दुसऱ्या बाजूला बसल्या आणि हळूहळू मागं सरकू लागल्या. पाच फुटांवर फळी आडवी स्थिरावली.

"पन्नास गुणिले चार, दोनशे. भागिले पाच," साधना पुटपुटली. "आत्या, तुमी चाळीस किलोच्या हाय."

"व्हय? दवाखान्यात पण तेवढंच भरलं व्हतं."

पुस्तकातला गुणाकार खरोखरच फळीवर होता.

रत्नाबाईंनाही आता चैन पडेना. "मी अजून मागं सरकले, तर ह्यांना उचलीन का गं?"

सासरे, भिकू, ओसरीवर बसले होते. वजन ऐंशी किलो, असं ते स्वतःच सांगत.

"तुमी सहा फुटांवर, म्हंजे दोनशे चाळीस," साधना म्हणाली. "मामा, तुमी तीन फुटांवर बसा."

पोतं उतरवून त्या जागी भिकू कुरकुरत बसले. फळी आडवी राहिली.

"आता थोडं ओंडक्याकडं सरका."

ते वीतभर सरकले. रत्नाबाईंचे पाय जमिनीला टेकले आणि भिकूंचे अधांतरी झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, मला खाली घे."

"थांबा वाईच," रत्नाबाई म्हणाल्या. "साधना, मी आणखी मागं गेले तर किती उचलीन, ते सांग."