वाळ्याचे डोळे

मोरीच्या जाळीतून करगोट्यासारखं काळं काहीतरी वळवळत वर आलं आणि माझी सून चंचल किंचाळली, "आत्याबाई, साप!"

सातवा महिना तिला, आणि आवाज सुरतेतल्या अख्ख्या लिंबायतला जाईल असा. मी भाजी निवडत होते. बसल्या जागेवरून म्हटलं, "वाळा आहे तो. मातीत राहतो, मुंग्यांची अंडी खातो. तुझ्यासारखाच, नुसता पडून. आमच्या माहेरी एवढ्याएवढ्या पोरी हातानं उचलून टाकायच्या."

हे शेवटचं बोलायला नको होतं. पण माझी जीभ मला विचारून चालत नाही. चंचलला आला राग. तिनं खरंच चिमटीत धरला, आणि लगेच सोडला.

"टोचलं."

"त्याला कुठले दात? नाटकं नुसती."

मी तो सुपलीनं स्टीलच्या डब्यात लोटला. तेवढ्यात शेजारची उषाबाई आलीच. दुसऱ्याच्या घरात ओरडा झाला की हिच्या पायांना चाकं फुटतात. मोबाईलची बत्ती लावून डब्यात वाकली आणि तोंडावर पदर घेतला.

"याले डोयाच नही वं माय!"

पोटुशी बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे याला आत्ताआत्तापर्यंत खऱ्या सापासारखे डोळे होते. मग वाळा कशावरून? काळी, चकचकीत, बारकी, मण्यारीची पिल्लंही अशीच असतात. वाळ्याला डोळे असतात की नसतात, हे मी साठ वर्षांत कधी वाकून पाहिलं नव्हतं. सांगितलं मात्र ठासून.

मण्यार चावली तर फार दुखत नाही. झोप येते, पापण्या उचलत नाहीत, माणूस झोपेतच जातो. माहेरची सुंदरा तशीच गेली. आम्ही तिला आळशी म्हणून हाका मारत होतो.

"आत्याबाई," चंचल म्हणाली, "मी जरा पडते."

रोज पडते ती या वेळेला. रोज मी टोमणा मारते. आज मी ताडकन उठून तिचा दंड धरला.

"खबरदार डोळे मिटलेस तर!"

योगेश लूमवर, कापड विणायला. त्या खडखडाटात माझ्या लेकाला फोन ऐकू येतो होय? मी रिक्षा थांबवली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तिचं मनगट. रेल्वेखालच्या गरनाळ्याच्या बोगद्यात रिक्षा अडकली. पुढे टेम्पो, मागे टेम्पो. रिक्षावाला म्हणतो, "मासी, शांति राखो." म्हटलं, "तुझी सून बसव मागे आणि मग राख शांती."

चंचलची मान कलू लागली.

"उखाणा घे," मी म्हटलं.

"आता?"

"आत्ताच. योगेशचं नाव घे."

दोन घेतले. तिसऱ्याला पापण्या खाली.

"संपले उखाणे, आत्याबाई."

"मग माझ्या चुगल्या सांग. आईला फोनवर सांगतेस त्या. मला ऐकू येतं सगळं."

पोरीचे डोळे असे टक्क उघडले! आधी घाबरली, मग सुरू झाली. दवाखाना आला तरी संपेना. भाकरीवर बोलले ते, बाळंतपण माहेरी नको म्हटलं ते, दुपारच्या झोपेचं तर तीनदा. मी हूं हूं करत तिच्या पापण्या बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला तपासलं, पापण्या उचलून पाहिल्या. मग डब्यातलं पांढऱ्या कागदावर ओतलं आणि मला विचारलं, "बा, यात तोंड कुठलं?"

मी टोक दाखवलं.

"ते शेपूट. त्याला बारीक काटा असतो, धरलं की टोचवतो. वाळाच आहे. डोळे म्हणजे नुसते ठिपके, तेही कातडीखाली. जमिनीत करायचेत काय डोळे? कुणाच्या सावलीनं नाही गेले. तरी हिला सकाळपर्यंत ठेवू. आम्ही बघत राहू, तुम्ही झोपू द्या."

मी वाळ्याचा डबा मांडीवर घेऊन खाटेशी बसले. झाकणाला भोकं पाडून घेतली होती. दिवेलागणीला उषाबाई टपकली. चंचल गाढ झोपलेली.

"पोटुशीला तिन्हीसांजेला झोपू देतेस? घरची लक्ष्मी जाते!"

"उगी ऱ्हाय," मी म्हटलं. "लक्ष्मी झोपली आहे. उठवशील तिला."