प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

"बाबूजी, रवितादीदीच्या लग्नाले तुमची सही लागते का?"

योगेश्वरीनं हे भर दुकानात विचारलं. बाहेर सायकल धरून उभी असलेली तिची मैत्रीण पुष्पांजली ओढणीत तोंड लपवून हसत होती. पैज तिचीच होती. "विचारून दाखव, समोसा माझ्याकडून!" असं ती शाळेच्या गेटपासून म्हणत आली होती.

"लागते तं!" ओमेश्वरभाऊ झेरॉक्सचा कागद आपटत म्हणाले. "बापाच्या सहीशिवाय कोणाचं लग्न होते वं?"

मित्रांनो, मी एक जुनी लॅमिनेशन मशीन आहे, पण बहिरी नाही. तिरोड्यात ओमेश्वरभाऊ बिसेनांच्या या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरच्या कोपऱ्यात बसून मी सगळं ऐकते. आणि आज मी बोलणार आहे. कोणाला राग आला तरी बोलणार आहे!

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. नागपूरहून मी ओमेश्वरभाऊंच्या मांडीवर बसून एसटीनं इथं आले. शेजारच्या प्रवाशानं मला पाय लावला तर भाऊ त्याच्याशी भांडले, इतकी मी लाडकी! त्यांच्या बायकोनं, सुखवंताबाईंनी, मला कुंकू लावलं. मग प्रश्न पडला, पहिला कागद कोणता घालायचा? भाऊ घरून रविताचा जन्मदाखला घेऊन आले. "माझ्या पोरीचा कागद पहिला," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. माझ्या गरम रोलरमधून दाखला चकचकीत होऊन निघाला. स्टुलावर चढून उभी असलेली छोटी रविता त्याला हात लावून ओरडली, "पापडासारखा आहे!"

त्यानंतर मी काय काय जपलं म्हणून सांगू! गुणपत्रिका, जातीचे दाखले, वीज केंद्रात ठेक्यावर जाणाऱ्यांचे पास, बोदलकसा तलावावरच्या मासेमारांची ओळखपत्रं. "बिसेनच्या मशीनमधला कागद तलावात पडला तरी पोहून येते," असं ते मासेमार म्हणायचे. मी फुगून जायची. मग कार्डं छापूनच येऊ लागली, कागद मोबाइलमध्ये राहू लागले आणि माझ्या पाठीवर कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवले जाऊ लागले. कोणी मला पुसतही नसे. असो. रडायला मी बसलेली नाही.

रविता नर्स झाली आणि आयर्लंडला गेली. तिथल्या दवाखान्यात तिला अर्जुनी मोरगावचा हिमांशु भेटला. इतक्या दूर जाऊन आपल्याच जिल्ह्यातला! पण तो कोहळी जातीचा आणि हे पोवार. सहीच्या त्या प्रश्नानंतर भाऊंनी दुकानातूनच तिला व्हिडिओ कॉल लावला आणि गरजले, "आपल्या छत्तीस कुळांत एक पोरगा नाही भेटला तुले?"

"बाबूजी, इथं कुळाचा रकानाच नाही," रविता शांतपणे म्हणाली.

"मंग काय विचारतात तिथं?" योगेश्वरी मधेच घुसली. रवितानं सांगितलं. लग्नाच्या तीन महिने आधी तिथल्या रजिस्ट्रारला नोटीस द्यायची, ती दोघांनी दिलेली आहे. दोघांचे पासपोर्ट, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जन्माचा दाखला. दाखल्यावर आधी आपल्या राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. तो परदेशातही मानला जातो, त्याला अपोस्टिल म्हणतात.

"आणि बाबूजीची सही?"

"आम्ही सज्ञान आहोत, योगू. सही आमची. आणखी दोन साक्षीदारांची. बस."

योगेश्वरीनं बाहेर पाहून पुष्पांजलीला समोसा जिंकल्याचा अंगठा दाखवला. भाऊंनी फोन उलटा ठेवला.

आणि मग ते झालं. शिक्क्यासाठी मुंबईच्या एजंटकडे पाठवलेला रविताचा तोच चकचकीत दाखला परत आला. लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही! रजिस्ट्रारनं दिलेल्या तारखेच्या आत कागद पोचले नाहीत तर लग्नाची तारीख गेली. आणि भाऊ तर म्हणतच होते, "तारीख गेली तं घरी ये, दिवाळीनंतर स्थळ पाहू." परत आलेलं पाकीट पाहून त्यांचा चेहरा थोडा उजळला, हे मी पाहिलं. "देवालेच मंजूर नाही," ते म्हणाले.

"देवाचं नाव कायले घेऊन राहिले?" सुखवंताबाई म्हणाल्या. "तुमच्या मशीननं केलं ते."

योगेश्वरीनं प्लास्टिक सोलून पाहिलं. कोपऱ्यातून रविताचं नावच प्लास्टिकला चिकटून वर आलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

पाहा, खुशाल पाहा! मी मान खाली घालणार नाही. मी कागदच जपते. पण पोरीलाही दोन प्लास्टिकांच्या मधे घालून ठेवायचं आणि त्याला जपणं म्हणायचं, हे मी कोणाला शिकवलं नाही. हवा लागू नये म्हणून चारी कडा बंद केल्या, तर तिच्यावर पुढचा शिक्का कसा बसेल? मला पुसा, मला विसरू नका, अशी विनवणी मी करणार नाही, मित्रांनो. मी एवढंच सांगते. ज्याला दूर जायचं आहे, त्याला फाइलमध्ये ठेवा, उन्हापावसापासून वाचवा, पण त्याच्या कडा मोकळ्या ठेवा.

दुसऱ्या दिवशी योगेश्वरी आईला घेऊन रविता जन्मली त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेली. नव्या प्रतीच्या अर्जावर आईची सही चालते का, असं तिनं आधी विचारलं. चालते म्हणाले. दुकानाच्या एकाही कागदावर कधी सही न केलेल्या सुखवंताबाईंनी तिथं आपलं पूर्ण नाव लिहिलं. प्रत मिळाली तेव्हा दोघी ती ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या.

भाऊंनी ती हातात घेतली. रविताच्या नावावर अंगठा फिरवला. मग माझ्या पाठीवरचा गठ्ठा उचलला आणि माझं बटन दाबलं.

"हे काय करून राहिले?" सुखवंताबाई ओरडल्या.

"मुंबईपर्यंत जाते तो कागद. भिजंल, फाटंल..."

ते प्रेम होतं की अडवणूक, मला सांगता येणार नाही. माझ्या रोलरला दोन्ही सारखीच गरम लागतात. लाल दिवा गेला, हिरवा लागला. भाऊंनी प्लास्टिकचं पाकीट उघडलं.

खाडकन माझा प्लग निघाला. योगेश्वरीच्या एका हातात माझी वायर होती. दुसऱ्या हातानं तिनं बाबूजींच्या बोटांतून दाखला हळूच सोडवून घेतला. काउंटरवर तिची स्वतःची दहावीची गुणपत्रिका पडली होती, माझ्यासाठीच आणून ठेवलेली. तीही तिनं उचलली.

"बाबूजी, माय, दोघंही ऐका," ती म्हणाली. "दीदीचा दाखला आज असाच, उघडा, कुरिअरनं जाईल. आणि माझी मार्कशीटही मी या मशीनमध्ये घालू देणार नाही. मलेही उद्या कुठं तरी शिक्का लागंल."