दारावरचं खडूचं नाव

मी पाटी बोलतेय. मुलं दप्तरातून नेतात ती नव्हे. कॉलेजातल्या संख्याशास्त्र विभागाच्या दारावर खिळ्यांना टांगलेली. खरं तर पाटीनं नाव दाखवावं आणि गप्प बसावं. पण माझ्या अंगावर एकही नाव टिकलं नाही आणि त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं, म्हणून आज तोंड उघडतेय.

माझा जन्म तडकलेल्या फळ्यातून झाला. वर्गात नवा फळा आला, तेव्हा सुतारानं जुन्याच्या धड भागातून दोन पाट्या कापल्या. मोठी माझी ताई. तिच्यावर विभागप्रमुखांचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलं गेलं, ते आजही तसंच आहे. मी तिच्या खाली, विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापकासाठी.

ही दुसरी जागा भरायची म्हणजे विभागप्रमुख सरांच्या जिवाला घोर. विषय अवघड, तो शिकलेली माणसं मोजकी, आणि त्यांतल्या निम्म्यांना कंपन्या आधीच उचलून न्यायच्या. त्यामुळे कुणी रुजू झालं की सर हरखून जायचे. लगेच पेंटर यायचा आणि माझ्यावर नाव चढायचं.

पहिले आले चष्मेवाले सर. संगणककक्षाची किल्ली त्यांना कधी मिळालीच नाही. दर प्रात्यक्षिकाला ऑफिसच्या खिडकीशी ताटकळायचं. ते गेले. मग हसऱ्या मॅडम आल्या. त्यांना संशोधन पुरं करायचं होतं, पण परीक्षेचं प्रत्येक काम "नवीन आहात ना, घ्या तुम्हीच" म्हणत त्यांच्याच गळ्यात पडायचं. हसू आटलं आणि त्याही गेल्या. तिसऱ्यांना भलताच विषय शिकवायला दिला. त्यांच्या नावाचा तर रंगही धड वाळला नव्हता, तोच तेही गेले.

कुलूप लावताना माणसं स्वतःशी पुटपुटतात, म्हणून मला हे ठाऊक. सर मात्र प्रत्येकाला एकच विचारायचे, "कधी निघताय?" का निघताय, हे विचारायला त्यांची जीभ रेटायची नाही. संकोची माणूस. नाव गेलं की माझ्यावर काळा रंग फिरायचा, आणि त्या अंधारात मी स्वतःलाच तपासत बसायचे. माझंच काही चुकतंय का? ताईचं नाव टिकतं, मग माझंच का नाही?

एके दिवशी सर शिपाईमामांना म्हणाले, "मामा, आता पेंटर नको. या पाटीला रंग लागला की माणूस जातो."

झालं! माझी शंका खरी ठरली. मी अपशकुनी.

त्यानंतर या मॅडम आल्या. तरुण, हुशार, नेमणूक कायमची. घरी वर्षाच्या आतली लेक. सरांनी स्वतः स्टुलावर बसून खडूनं त्यांचं नाव लिहिलं. एक अक्षर वाकडं वाटलं तर पुसून पुन्हा काढलं. इतक्या मायेनं माझ्यावर कधीच कुणी लिहिलं नव्हतं.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. वर रंगातलं नाव वाचलं, खाली खडूतलं. मग फोनवर बहिणीला म्हणाल्या, "खडूनं लिहिलंय गं. पुसायला सोपं." मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तसं नाही! पण पाटीला कुठला आवाज?

तेव्हापासून पाहतेय. सकाळी सातचा तास. मॅडम धापा टाकत येणार, कधी केस ओले, कधी ओढणी उलटी. दाराशी थबकून घरी सासूबाईंना फोन लावणार, "रडायची थांबली का हो आई?" तास चांगला व्हायचा, मुलं खूश. तरी बाहेर आल्यावर बहिणीला म्हणायच्या, "मी घरीही अर्धी, इथेही अर्धी. बाकीच्या बायका करतातच की गं. मलाच जमत नाही." दुसऱ्या एका कॉलेजनं त्यांना बोलावलं होतं, तिथे तास दुपारचे होते. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

त्याच आठवड्यात घरी सासूबाईंना ताप आला, आणि लेक आईच्या कडेवर बसून विभागात आली. मॅडम कुलूप उघडत होत्या, तेवढ्यात तिनं लाळेनं माखलेला तळवा माझ्यावर फिरवला आणि खालच्या कोपऱ्यात थापला. नाव गायब!

"अगं अगं, नको!" सर धावतच आले. "थांबा मॅडम, लगेच लिहितो."

"राहू द्या सर. पुसायलाच तर लिहिलं होतं."

"म्हणजे?"

"तुमचं रंगात, माझं खडूत. कळतं हो मला. शनिवारी तिकडे होकारच देते."

सरांचा चेहरा उतरला. "अहो, उलटं आहे! तुम्ही राहावं म्हणून खडू. रंगवलं की जातात. तिघंही गेली."

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सर, आपण संख्याशास्त्र शिकवतो ना?"

"हो."

"नमुना केवढा घेतलात?"

"तीन," सर पुटपुटले.

"आणि तुमचं स्वतःचं नाव? ते इतकी वर्षं रंगातच आहे. तुम्ही कुठे गेलात?"

सरांनी मान वर करून ताईकडे पाहिलं. "हे मी धरलंच नव्हतं."

मॅडमना हसू फुटलं. आई हसली म्हणून लेकही हसली. त्या हसण्यानं सरांना धीर आला असावा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "मग मॅडम, तुम्ही का चाललाय?"

"सातचा तास, सर. ही नेमकी मी निघताना उठते. रोज रडत टाकून येते."

"एवढंच? अहो, मला पहाटेपासून जाग असते. सातचा मी घेतो, तुम्ही नऊला या. आधी का नाही बोललात?"

"नवीन माणूस कुठल्या तोंडानं बोलणार, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना ती तिघं आठवली.

शनिवारी मॅडमनी दारातच उभं राहून दुसऱ्या कॉलेजला नकार कळवला. सर घाईघाईनं म्हणाले, "आता बोलावू पेंटरला?" मॅडम म्हणाल्या, "नको. खडूच बरा."

आता माझं वय झालंय. कडा झिजल्यात, एक खिळा सैल आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी खडू फिका होतो. मग सर स्टूल ओढून बसतात, नाव गिरवतात आणि गिरवता गिरवता विचारतात, "काय मॅडम, ठीक चाललंय ना?" कधी उत्तर "हो" असतं, कधी लांबलचक.

नव्या माणसाची पाटी लावणाऱ्यांनो, रंग कुठलाही आणा, पण एवढं विचारत चला. आणि उद्या कुणी गेलंच, तर पाटीला बोल लावू नका. ती आधीच स्वतःला पुष्कळ लावून घेते.

माझ्या खालच्या कोपऱ्यात त्या चिमुकल्या तळव्याचा ठसा अजून आहे. सर तेवढी जागा सोडून लिहितात.